कातळ पोखरून उभं राहिलेलं ओर्व्हिएतो

ओर्व्हिएतोत घर बांधायचं तर दगड लांबून आणायची गरज पडत नसे. जागा ठरली की तिथेच खाली खोदायचं. निघालेल्या दगडाचे चिरे करून भिंती उचलायच्या, भुसभुशीत थर लागला तर ती माती चुन्यात कालवून दरजा भरायच्या आणि खाली जी पोकळी उरेल तिथे वाइनची पिंपं, तेलाचा घाणा नाहीतर जनावरं ठेवायची. अशी अडीच हजार वर्षं गेली. आज या लहानशा शहराच्या पोटात बाराशेच्या आसपास भुयारं, विहिरी, टाकी आणि तळघरं असल्याची नोंद आहे. इटलीत डोंगरमाथ्यावर वसलेली गावं शेकड्यांनी सापडतील. पण ज्या कातळाने आसरा दिला तोच कातळ पिढ्यान् पिढ्या उकरला आणि शेवटी त्या कातळालाच सावरायची वेळ आली, असा इतिहास फार थोड्यांच्या वाट्याला आला.

रोमच्या उत्तरेला शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, उंब्रिया प्रांताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, पाल्या नदीच्या खोऱ्यात हा कातळ एकटाच उभा आहे. लांबी दीडेक किलोमीटर, माथा सपाट, कडे चारी बाजूंनी तुटलेले. बोल्सेना सरोवराच्या परिसरात ज्वालामुखी जागे होते तेव्हा, तीन लाखांहून अधिक वर्षांपूर्वी, त्यांनी ओकलेली राख आणि चुरा इथे साचून घट्ट झाला. या दगडाला तुफा म्हणतात. तो कुदळीने सहज कापता येतो आणि कापल्यावर कमान करून उभाही राहतो. या तुफ्याच्या खाली मात्र चिकणमाती आहे. पावसाचं पाणी तुफ्यातून झिरपतं, चिकणमातीवर अडतं आणि कड्याच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतं. माथ्यावर एकही झरा नाही. शत्रूला वर चढता येत नाही, पण पाणीही वर चढत नाही. ओर्व्हिएतोचा सगळा इतिहास या दोन गोष्टींच्या ओढाताणीत घडला.

सुरुवात एट्रुस्कन लोकांपासून. रोम मोठं होण्याआधी मध्य इटलीवर ज्यांचा वरचष्मा होता त्या या लोकांच्या बारा प्रमुख नगरांपैकी एक इथे होतं. त्याला ते वेल्झ्ना म्हणत, रोमन लोक वोल्सिनी म्हणत. त्यांच्या विहिरी आजही घरांच्या तळघरांतून सापडतात. गोल नाहीत, चौकोनी आहेत. एक बाजू जेमतेम ८० सेंटिमीटर, दुसरी १२० च्या आसपास, आणि समोरासमोरच्या भिंतींत पाय रोवण्यासाठी खोबण्यांची रांग सरळ खाली गेलेली. खोदणाऱ्याने दोन्ही पाय दोन भिंतींना लावून, स्वतःच्या अंगाच्या मापाचं बीळ पाडत उतरत जायचं आणि मागाहून निघालेली माती वरच्यांनी ओढून घ्यायची. विहीर इतकी अरुंद ठेवण्यात शहाणपण होतं. कमी दगड काढावा लागला आणि चढाउतरायला वेगळी शिडी लागली नाही.

कड्याच्या उत्तर पायथ्याला क्रोचिफिस्सो देल तुफो ही त्यांची दफनभूमी आहे. इसवी सनपूर्व ६व्या शतकात ती आखली गेली ती एखाद्या वस्तीसारखी. सरळ रस्ते, काटकोनात छेदणाऱ्या गल्ल्या आणि दोन्ही बाजूंना तुफ्याच्या चिऱ्यांच्या खोल्या, जवळपास एकाच मापाच्या. प्रत्येक दारावरच्या दगडी पट्टीत कुटुंबाचं नाव कोरलेलं आणि मजकूर असा की जणू कबरच बोलते आहे: मी अमक्याची. राजाचा किंवा सरदाराचा म्हणावा असा डोळ्यांत भरणारा मोठा ढिगारा इथे दिसत नाही. नावं वाचली तर त्यात एट्रुस्कन नसलेलीही आहेत. काही इटलीतल्या शेजारच्या जमातींची, एखादं केल्टिक मुळाचंही. म्हणजे बाहेरून आलेल्यांना या शहरात घर मिळत होतं आणि मेल्यावर त्याच रांगेत जागाही मिळत होती. प्राचीन जगातल्या फार कमी दफनभूमी इतक्या स्पष्टपणे नगराचा स्वभाव सांगतात.

हे शहर बुडालं ते आतल्या भांडणाने. इसवी सनपूर्व ३ऱ्या शतकात इथल्या दासांनी आणि मुक्त झालेल्या दासांनी सत्ता हातात घेतली आणि जुन्या उमराव घराण्यांनी गुपचूप रोमची मदत मागितली. इ. स. पू. २६५ मध्ये आलेला रोमन कॉन्सुल क्विंटस फाबियस जखमी होऊन मेला. पुढच्या वर्षी मार्कस फुल्वियस फ्लाकसने शहर जिंकलं, लुटलं, जमीनदोस्त केलं आणि उरलेल्या लोकांना बोल्सेना सरोवराच्या काठी नेऊन वसवलं. या लुटीत २,००० पुतळे रोमला गेले असा उल्लेख थोरल्या प्लिनीने केला आहे. रोमने हे शहर पुतळ्यांसाठीच घेतलं असा आरोप त्या काळीही झाला होता. रोममधल्या सांत ओमोबोनो चर्चजवळच्या उत्खननात फ्लाकसच्या नावाचा आणि वोल्सिनी जिंकल्याचा उल्लेख असलेली दगडी बैठक सापडली. तिच्यावर ब्राँझचे पुतळे बसवल्याच्या खुणा आहेत. दासांचं राज्य कसं माजलं होतं याच्या सुरस कथा रोमन लेखकांनी लिहून ठेवल्या आहेत. पण ती हकिगत जिंकणाऱ्यांनी आणि उमरावांच्या बाजूच्यांनी लिहिली, हे वाचताना विसरून चालत नाही.

त्यानंतर काही शतकं माथ्यावर फारसं काही नव्हतं. लोक त्या जागेला नुसतं ‘जुनं शहर’ म्हणू लागले आणि त्या लॅटिन शब्दांचंच पुढे ओर्व्हिएतो झालं. रोमन साम्राज्य ढासळल्यावर कड्यांची किंमत पुन्हा वाढली. ६व्या शतकात बिझंटाइन सेनापती बेलिसारियसने गॉथ सैन्याला इथे वेढलं. इतिहासकार प्रोकोपियस या मोहिमांत त्याच्याबरोबर असे. तो लिहितो की इथे माणसाने तट बांधण्याची गरजच नव्हती, कडेच तटाचं काम करत होते. शहर पडलं ते उपासमारीने. शेवटी शेवटी आतले गॉथ जनावरांची कातडी पाण्यात भिजवून खात होते.

मध्ययुगातलं ओर्व्हिएतो म्हणजे स्वतःचा कारभार स्वतः पाहणारं नगर. ११५७ मध्ये पोप चौथ्या एड्रियनने त्याला मान्यता दिली. १३व्या शतकात रोममधल्या दंगलींपासून आणि शत्रूंपासून दूर राहण्यासाठी पोपच इथे येऊन राहू लागले. चौथा अर्बन, चौथा मार्टिन, चौथा निकोलस असे एकामागून एक. पोप आला की त्याच्यामागे कार्डिनल, कारकून, सावकार, धर्मपंडित येत. थॉमस अक्वायनस १२६०च्या दशकात काही वर्षं इथल्या डोमिनिकन मठात शिकवत होता. शहराकडे पैसा आला आणि त्याबरोबर पाण्याची मागणीही वाढली. शतकाच्या उत्तरार्धात समोरच्या डोंगरांतून नळाने पाणी माथ्यावर आणण्याचं मोठं काम झालं. पुढे देखभाल सुटली, नळ मोडकळीस आले आणि लोक पुन्हा पावसाच्या पाण्याच्या टाक्यांवर आले.

याच काळातली एक कथा ओर्व्हिएतोच्या केंद्रस्थानी आहे. १२६३ मध्ये बोहेमियाहून रोमला निघालेला एक धर्मगुरू बोल्सेनाच्या चर्चमध्ये प्रार्थनाविधी करत असताना त्याच्या हातातल्या प्रसादाच्या भाकरीतून रक्त ठिबकलं आणि खालचं तागाचं कापड रंगलं, अशी श्रद्धा आहे. ते कापड ओर्व्हिएतोत मुक्कामी असलेल्या चौथ्या अर्बनकडे आणलं गेलं. ११ ऑगस्ट १२६४ रोजी त्याने फर्मान काढून कॉर्पुस ख्रिस्ती (ख्रिस्ताचं शरीर) हा सण सगळ्या कॅथलिक जगाला लावून दिला. त्या फर्मानात बोल्सेनाच्या घटनेचा उल्लेख नाही, म्हणून अभ्यासक दोन्ही गोष्टींची गाठ सहजासहजी बांधत नाहीत. शहराने मात्र ती केव्हाच बांधली. ते कापड ठेवण्यासाठी सिएनाच्या उगोलिनो दि व्हिएरी या सोनाराने १३३८ मध्ये चांदी आणि मीनाकामाची पेटी पुरी केली. तिचा आकार कॅथिड्रलच्या दर्शनी भिंतीची आठवण देणारा आहे. दर वर्षी हे कापड मिरवणुकीने शहरभर फिरतं आणि मध्ययुगी पोशाखातली शेकडो माणसं पुढे चालतात.

कॅथिड्रलची पायाभरणी १३ नोव्हेंबर १२९० रोजी चौथ्या निकोलसने केली. बांधकाम वर चढू लागल्यावर भिंतींच्या मजबुतीबद्दल शंका येऊ लागली, तेव्हा १३१०च्या सुमारास सिएनाहून लोरेन्झो माइतानीला बोलावलं गेलं. त्याने बाहेरून टेकू देणाऱ्या भिंती घातल्या आणि १३३०मध्ये मरेपर्यंत तोच मुख्य कारागीर राहिला. बाजूच्या भिंती काळ्या बसाल्ट आणि फिकट ट्रॅव्हर्टिन दगडाच्या आडव्या पट्ट्यांच्या आहेत. तुफ्याच्या पिवळट-तपकिरी गल्लीतून अचानक त्या पट्ट्यांसमोर येणं हा ओर्व्हिएतोतला मोठा धक्का. दर्शनी भिंत पन्नास मीटरांहून उंच. वर सोनेरी मोझेक, मध्ये ओर्काञाने केलेली गुलाबाकृती खिडकी. मोझेक अनेकदा दुरुस्त झाली, बदलली गेली, आणि लांबून डोळे दिपवण्याचं काम तीच करतात. खरी श्रीमंती खाली आहे, डोळ्यांच्या पातळीवर.

दारांच्या दोन्ही बाजूंना चार रुंद खांबांवर संगमरवरी उठावशिल्पं आहेत. पहिल्या खांबावर सृष्टीची उत्पत्ती, शेवटच्यावर अंतिम न्याय, मध्ये बायबलातल्या बाकीच्या कथा. आदम झोपला आहे आणि देव वाकून त्याची कूस उघडतो आहे. जखम इतक्या हळुवारपणे कोरली आहे की ती शस्त्रक्रिया वाटावी. शेवटच्या खांबाच्या तळाशी साप आणि राक्षस नरकवासीयांना दातांनी ओढत आहेत आणि प्रत्येक तोंडावरची किंकाळी वेगळी आहे. वरच्या रांगांकडे पाहिलं तर काही आकृत्या अर्धवट राहिल्या आहेत. कुठे नुसता ओबडधोबड उठाव, कुठे छिन्नीचे दात स्पष्ट, कुठे फक्त शेवटची घोटाई बाकी. ब्रिटिश कला-इतिहासकार जॉन व्हाइट यांनी १९५९ मध्ये या अर्धवट जागांचाच बारकाईने अभ्यास केला आणि काम कारागिरांत कसं वाटलं जाई, एक हात थांबला की दुसरा कुठून सुरू करी, हे दाखवून दिलं. माइतानीचं नाव इतिहासात राहिलं, बाकीच्यांच्या छिन्नीच्या खुणा राहिल्या.

या कारागिरांच्या वेळेवरही नजर होती. कॅथिड्रलसमोरच्या चौकाच्या कोपऱ्यावर १४व्या शतकाच्या मध्यात एक बुरूज उभारला गेला, त्यावर ब्राँझचा माणूस आणि घंटा. यंत्राने फिरणारा हा माणूस, मावरित्सिओ, हातोड्याने तास वाजवतो. बांधकामावरच्या मजुरांची पाळी सुरू आणि बंद करण्यासाठी तो बसवला गेला. यंत्रावर चालणाऱ्या अशा पुतळ्यांपैकी तो फार जुना, आणि आजही त्याच जागी आहे.

वैभव टिकलं नाही. मोनाल्देस्की आणि फिलिप्पेस्की या दोन घराण्यांनी पोपचा पक्ष आणि सम्राटाचा पक्ष अशी बाजू घेऊन शहर दुभंगवलं. दान्तेने आपल्या महाकाव्यात इटलीच्या दुर्दशेबद्दल बोलताना या दोन्ही घराण्यांची नावं घेतली आहेत. १३१३ मध्ये फिलिप्पेस्की हाकलले गेले, आणि मग मोनाल्देस्की आपसातच लढू लागले. १३४८ च्या प्लेगने कंबरडं मोडलं. फ्रेंच इतिहासकार एलिझाबेत कार्पांतिए यांनी शहराच्या दप्तरातून या साथीचा जो अभ्यास केला तो प्लेगच्या इतिहासातला महत्त्वाचा ग्रंथ ठरला. १३५४ मध्ये कार्डिनल आल्बोर्नोझने पोपच्या वतीने शहर ताब्यात घेतलं, आणि दहा वर्षांनी पूर्वेच्या टोकाला किल्ला उभा राहू लागला. स्वतंत्र नगर म्हणून ओर्व्हिएतोचा काळ तिथे संपला.

कॅथिड्रलचं काम मात्र चालूच होतं. सान ब्रित्सिओच्या उपमंदिराचं छत रंगवायला १४४७ च्या उन्हाळ्यात चित्रकार फ्रा अँजेलिको आला, दोन भाग रंगवून गेला आणि परत आला नाही. पन्नासेक वर्षं ते छत तसंच अर्धवट राहिलं. १४९९ मध्ये कोर्तोनाच्या लुका सिन्योरेल्लीला छत पुरं करायला बोलावलं आणि ते पसंत पडल्यावर भिंतींचंही काम त्यालाच दिलं. करारात रोख रकमेबरोबर राहायला जागा, धान्य आणि वाइन होती. त्याने जे रंगवलं ते जगाचा अंत. पांढऱ्या, सपाट जमिनीतून सांगाडे आणि माणसं कोपरांवर जोर देऊन स्वतःला वर ओढून काढताहेत. काहींच्या हाडांवर मांस चढलंय, काहींच्या अजून नाही. दुसऱ्या भिंतीवर हिरव्या-जांभळ्या कातडीचे राक्षस नग्न माणसांना पिळताहेत. तिसरीकडे ख्रिस्तासारखाच दिसणारा खोटा ख्रिस्त चौथऱ्यावर उभा राहून प्रवचन देतोय आणि सैतान मागून त्याच्या कानात सांगतोय. धर्मोपदेशक साव्होनारोलाला फ्लॉरेन्समध्ये १४९८ मध्येच फासावर चढवून जाळलं होतं. या चित्रात त्याची सावली आहे असं काही अभ्यासक मानतात. चित्राच्या डाव्या कडेला काळ्या झग्यात सिन्योरेल्लीने स्वतःला रंगवलं आहे आणि शेजारी उभा केला आहे फ्रा अँजेलिको. अर्धं काम सोडून गेलेल्या माणसाला त्याने असा मान दिला.

मायकेलअँजेलोने आपल्या ‘अंतिम न्याया’साठी सिन्योरेल्लीच्या या कामाचा आधार घेतला असं कलाकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वासारीने लिहिलं आहे, आणि दोन्ही पाहिल्यावर ते पटतं. सिग्मंड फ्रॉइडची गोष्ट त्याहून वेगळी. १८९७ मध्ये तो ही चित्रं पाहून गेला. पुढच्या वर्षी हर्झगोव्हिनाच्या प्रवासात सोबत्याला ‘ओर्व्हिएतोची ती चित्रं पाहिलीत का’ असं विचारताना चित्रकाराचं नाव काही केल्या आठवेना. बोत्तिचेल्ली आठवला, बोल्त्राफ्फिओ आठवला, हवा तो नाही. माणसं नावं का विसरतात यावर त्याने त्याच वर्षी लेख लिहिला आणि रोजच्या जगण्यातल्या चुकांवरच्या त्याच्या १९०१ च्या प्रसिद्ध पुस्तकाचं पहिलं प्रकरण याच प्रसंगावर उभं आहे.

आता पुन्हा पाण्याकडे. ६ मे १५२७ रोजी सम्राट पाचव्या चार्ल्सच्या पगार थकलेल्या सैन्याने रोम लुटलं. पोप सातवा क्लेमेंट महिनोन् महिने रोममधल्याच किल्ल्यात कोंडला गेला. डिसेंबरमध्ये वेषांतर करून तो निसटला आणि ओर्व्हिएतोच्या कड्यावर आला. एवढ्या श्रीमंत दरबाराचा हा धनी बिशपच्या मोडक्या वाड्यात राहत होता. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याला राणी कॅथरीनशी झालेलं लग्न रद्द करून हवं होतं. त्याचे वकील स्टीफन गार्डिनर आणि एडवर्ड फॉक्स मार्च १५२८ मध्ये इथेच पोपला भेटले. त्यांनी कळवलेलं वर्णन विदारक आहे. तीन ओक्याबोक्या खोल्या ओलांडायच्या, छतं कोसळलेली, शोभेला उभी केलेली तीसेक बारीकसारीक माणसं आणि पोपच्या शयनगृहातलं सामान पलंगासकट वीस मोहरांच्याही किमतीचं नाही. इंग्लंडच्या चर्चला रोमपासून तोडणारा तो वाद या पडक्या खोल्यांतही बोलला गेला.

क्लेमेंटला भीती होती वेढ्याची, आणि वेढ्यात तहान आधी मारते. त्याने वास्तुकार आंतोनियो दा सांगाल्लो धाकटा याला किल्ल्याजवळ विहीर खोदायला सांगितलं. सांगाल्लोने जे केलं ते स्थापत्यातलं नवल आहे. पन्नास मीटरांहून खोल आणि सुमारे १३ मीटर रुंद गोल खोदकाम. मधोमध पाण्यापर्यंत जाणारा पोकळ उभा दंडगोल आणि त्याच्याभोवती एकमेकांत वेणीसारखे गुंफलेले दोन गोलाकार जिने. प्रत्येकी २४८ पायऱ्या, त्याही इतक्या रुंद आणि उथळ की पाठीवर भांडी लादलेली खेचरं चालत उतरू शकतील. एका दाराने आत शिरायचं, फिरत फिरत तळाशी जायचं, पाण्यावरच्या लहान पुलावरून पलीकडे व्हायचं, भांडी भरायची आणि दुसऱ्या जिन्याने दुसऱ्या दारातून बाहेर. उतरणारं खेचर चढणाऱ्याला कधी आडवं येत नाही. आतल्या भिंतीला ७० खिडक्या, त्यांतून वरचा उजेड जिन्यावर पडतो; जसजसं खाली जावं तसतसा तो हिरवट, मग राखाडी होतो. वरचा भाग तुफ्यात नुसता कापलेला आहे. खाली चिकणमाती लागली, तिथे विटांनी बांधून काढावं लागलं.

काम दहा वर्षं चाललं. १५३७ मध्ये, पुढच्या पोपच्या, तिसऱ्या पॉलच्या काळात ते पुरं झालं. क्लेमेंट तीन वर्षं आधीच वारला होता आणि ज्या वेढ्याच्या धास्तीने विहीर घेतली तो वेढा त्याच्यावर कधी आला नाही. जून १५२८ मध्येच तो शहर सोडून गेला होता. बेनवेनुतो चेल्लिनीने त्याच्यासाठी पाडलेल्या पदकावर मोझेस काठीने खडकावर प्रहार करून पाणी काढतो आहे आणि लोकांनी पाणी प्यावं अशा अर्थाचे शब्द आहेत. विहिरीवरच्या लेखात म्हटलं आहे की या बालेकिल्ल्याला निसर्गाने जे नाकारलं ते माणसाच्या कष्टाने मिळवलं. सान पात्रित्सिओची विहीर हे आजचं नाव नंतरच्या काळातलं. आयर्लंडमधल्या सेंट पॅट्रिकच्या अथांग गुहेच्या दंतकथेवरून ते पडलं.

यानंतरची तीन शतकं ओर्व्हिएतो पोपच्या राज्यातलं एक शांत, बाजूला पडलेलं शहर होतं. त्या काळाचा इतिहास फर्मानांत सापडत नाही, तळघरांत सापडतो. कड्याच्या तोंडाशी उघडणाऱ्या खोल्यांच्या भिंतींत मुठीएवढ्या चौकोनी कोनाड्यांच्या रांगाच रांगा आहेत. ती कबुतरांची घरं. कबुतरं दिवसभर खोऱ्यातल्या शेतांत चरून संध्याकाळी कड्यातल्या भोकातून परत येत, अंडी घालत, आणि घरमालकाला स्वयंपाकघरातून बाहेर न पडता मांस मिळे. कबुतराचे पदार्थ इथल्या खाणावळींत आजही मिळतात. दुसऱ्या गुहांत ऑलिव्हचा घाणा, दगडी जातं आणि चुलीची जागा तशीच आहे. वाइनची तळघरं तर घरोघरी. आतली थंडी बारमाही सारखी, त्यामुळे रस सावकाश आंबायचा, साखर थोडी शिल्लक राहायची. ओर्व्हिएतोची जुनी, ख्यातनाम पांढरी वाइन त्यामुळेच किंचित गोड असायची.

घरातला कचराही खालीच जाई. तुफ्यातल्या खड्ड्यांत फुटकी भांडी टाकली जात आणि ते खड्डे बुजून विसरले गेले. २०व्या शतकाच्या सुरुवातीला ते उघडले तेव्हा तांब्याच्या हिरव्या आणि मँगनीजच्या तपकिरी रंगात पक्षी, मासे आणि माणसांचे चेहरे काढलेली मध्ययुगी भांडी बाहेर आली. संग्राहकांची झुंबड उडाली आणि बरंच काही परदेशी गेलं. ज्या घराने फुटका कटोरा फेकला त्याला त्याची किंमत शून्य होती. आज त्यावरून १३व्या-१४व्या शतकातल्या जेवणाच्या मेजाचा अभ्यास होतो.

१९व्या शतकात रेल्वे खोऱ्यात आली आणि शहर माथ्यावरच राहिलं. स्थानक ते माथा हे अंतर तोडायला आदोल्फो ब्राच्ची या इथल्याच इंजिनिअरने दोरावर चालणारी गाडी काढली. १८८८ मध्ये ती सुरू झाली, आणि चालायची पाण्यावर. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचं, तो वजनाने खाली यायचा आणि खालचा डबा वर ओढला जायचा. माथ्यावर पाणी नाही म्हणून तळमळलेल्या शहरात पाण्याच्या वजनावर माणसं वर येऊ लागली. १९७० मध्ये ती बंद पडली, १९९० मध्ये विजेवर पुन्हा सुरू झाली.

दुसऱ्या महायुद्धात, जून १९४४ मध्ये, माघार घेणारे जर्मन आणि पुढे येणारे ब्रिटिश यांच्यात निरोपांची देवाणघेवाण होऊन लढाई शहराबाहेर हलली आणि ओर्व्हिएतो जवळपास धक्का न लागता वाचलं. उंब्रिया सगळा असा सुटला नाही. याच प्रांतात, वरच्या टायबर खोऱ्यात, १० जुलै १९४४ रोजी मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांनी आपली तुकडी पडल्यावर एकट्याने शत्रूचं मशिनगनचं ठाणं घेतलं आणि तिथेच त्यांना गोळी लागली. रायगडच्या माणगाव तालुक्यातल्या या बावीस वर्षांच्या सैनिकाला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तिथल्या मोंतोने या डोंगरमाथ्यावरच्या गावाने २०२३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ छायाघड्याळ उभारलं.

युद्धातून वाचलेल्या कातळाला खरा धोका शांततेच्या काळात आला. घरोघरी नळ आले, पाणी मुबलक झालं, आणि जुन्या गटारांतून आणि नळांतून ते खाली झिरपू लागलं. तुफा भिजला, पायथ्याची चिकणमाती सरकू लागली, शतकानुशतकं खोदलेल्या पोकळ्यांनी उरलेला आधार कमी केला, आणि १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात कड्याचे तुकडे कोसळले. पाण्यासाठी हजारो वर्षं धडपडलेल्या शहराला गळतं पाणी बुडवायला निघालं होतं. १९७८ मध्ये इटलीच्या संसदेने ओर्व्हिएतो आणि शेजारच्या तोदी या दोन शहरांसाठी खास कायदा केला, १९८७ मध्ये दुसरा. त्या पैशातून कड्यात लांब पोलादी सळया ठोकून दगड मागच्या दगडाला जखडला, धोक्याच्या गुहा भरल्या किंवा बांधून काढल्या, सगळी गटारं आणि नळ नव्याने टाकले, पायथ्याचे ओढे आवरले. भूगर्भाची पुरी मोजदाद झाली ती याच निमित्ताने. आज कड्याच्या हालचालीवर उपकरणांची नजर असते.

याच खटपटीतून गाड्या माथ्यावर न आणण्याचा विचार रुजला. वाहनं पायथ्याला सोडायची, आणि दोरगाडीने, लिफ्टने किंवा कातळातून काढलेल्या सरकत्या जिन्यांनी वर यायचं. १९९९ मध्ये ग्रेव्हे, ब्रा आणि पोझितानो या गावांबरोबर ओर्व्हिएतोने चित्तास्लो ही सावकाश जगणाऱ्या लहान शहरांची चळवळ सुरू केली. तिचं मुख्यालय इथेच आहे. पन्नास हजारांखालच्या वस्तीची गावंच तिची सभासद होऊ शकतात.

पायथ्याच्या काम्पो देल्ला फिएरा या मैदानात २००० साली सिमोनेत्ता स्तोप्पोनी यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन सुरू झालं. एट्रुस्कनांची बारा नगरं दर वर्षी ज्या देवस्थानी जमत, आणि ज्याचा उल्लेख रोमन इतिहासकार लिव्हीने वारंवार केला, ते फानुम व्होल्तुम्ने हेच असावं असं या कामातून दिसू लागलं आहे. रुंद रस्ते, देवळांचे पाये, अर्पण केलेल्या वस्तू, आणि त्यावरच पुढे रोमन व मध्ययुगी बांधकामं. सापडलेल्यांत दगडाची एक बैठक आहे, इसवी सनपूर्व ६व्या शतकाच्या अखेरची. तिच्यावरच्या लेखात कानुता या बाईने देवतांना अर्पण केल्याचं लिहिलं आहे. कुणाची बायको तेही दिलं आहे, आणि ती लारेचेना घराण्याची मुक्त दासी असल्याचंही. वोल्सिनीच्या दासांनी सत्ता घेतली ती यानंतर सुमारे अडीचशे वर्षांनी. म्हणजे मुक्त झालेली माणसं या नगरात तेव्हाच लग्न करत होती, पैसा राखून होती आणि सगळ्या एट्रुस्कनांच्या देवळात आपल्या नावाने दान ठेवत होती. रोमन लेखकांनी दासांच्या राज्याचं जे चित्र रंगवलं, त्याच्या शेजारी हा दगड ठेवून तो प्रसंग आता नव्याने वाचावा लागतो.